वीस मिनिटांचा डोस

क्षमा : खरं सांग विद्याधर. वीस मिनिटं म्हणजे घड्याळातली वीस, की तुझी वीस?

विद्याधर : अगं, गुडघ्यात दुर्बीण घालायची, फाटलेली गादी छाटायची, बाहेर यायचं. वीस म्हणजे वीस!

क्षमा : गेल्या मंगळवारी असंच म्हणालास आणि पंचावन्न लावलीस. आरेच्या जंगलातली अख्खी सायकल राइड ऐकवलीस.

विद्याधर : मग दे ना यार भरपूर भूल. सगळ्यांचंच टेन्शन जाईल.

क्षमा : भरपूर दिली तर पायांत जाण यायला रात्र होईल आणि यांचा मुक्काम इथेच. धोंडिरामकाका, पाठीत इंजेक्शन तुम्हाला घ्यायचंय, तुम्ही बोला.

धोंडिराम : माका आजच घराक जावचा आसा, बाईनू. प्रेमा एकटी आसा. तिका छातीचा दुखणा झाला तेव्हापासून काळोख पडलो की ती एकटी रवणा नाय.

क्षमा : ठरलं. कमी वेळाचं औषध, डोसही मोजका. आणि विद्याधर, भूल मधेच उतरली तर पूर्ण झोपवावं लागेल त्यांना. मग मुक्काम आलाच.

विद्याधर : वीस मिनिटं!

(भूल चढून पस्तीस मिनिटं झाली आहेत.)

विद्याधर : ...आणि त्या वळणावर समोर बिबट्या! मी कचकन ब्रेक दाबला.

क्षमा : हात चालव रे.

विद्याधर : चालूच आहेत. तर तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय...

धोंडिराम : डॉक्टरांनू, वायच थांबा. माझ्या पायाचो अंगठो हल्लो.

विद्याधर : काय?

धोंडिराम : उजवो. ह्यो बघा, परत हल्लो.

विद्याधर : शक्यच नाही! क्षमा, बघ गं चादरीखाली.

क्षमा : बघते... अगं बाई. हलतोय की!

विद्याधर : वाट लागली. किती वेळ आहे माझ्याकडे?

क्षमा : तोंड बंद ठेवलंस तर पुरेल.

विद्याधर : कोणी बोलू नका आता!

क्षमा : बोलतंय कोण?

विद्याधर : ...हं. हा शेवटचा टाका. झालं! सहा मिनिटांत संपवलं, बघितलंस?

क्षमा : झकास. जा, चहा घे. बिबट्याची गोष्ट सिस्टरना सांग.

विद्याधर : जातोच.

क्षमा : गेला. काका, अंगठा खरंच हलला होता?

धोंडिराम : मी खोटा कित्याक बोलान? तुम्ही सोताच बघलास मा?

क्षमा : मी चादर उचललीच नाही.

धोंडिराम : अरे देवा! मग दोघांचा पाप सारखाच.

क्षमा : अगदी सारखं. प्रेमाकाकूंना फोन लावू? पाचपर्यंत येताय म्हणून सांगते.

धोंडिराम : नको, थांबा वायच... बाईनू, पाय म्हणान काय लागणाच नाय. कोणीतरी लाकडा आणून ठेवल्यासारखे. येतले मा ते?

क्षमा : येतील.

धोंडिराम : नक्की?

क्षमा : मी बसते इथे. आले की दोघं मिळून फोन करू.