सुरभीचा इंग्रजीचा पेपर

समुद्रपूरच्या स्टँडवर हिंगणघाटच्या बसची वाट पाहत होतो. बाजूच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या हातात बारावीचं इंग्रजीचं गाईड होतं.

“सांग सुरभी, ‘द बॉय हू’च्या पुढं काय येते? प्ले का प्लेज?”

“प्लेज.”

“अन् बॉईज असले त?”

“प्ले.”

“समदं त येते तुले. मंग दोनदा नापास काऊन झाली?”

“असंच.”

“असंच म्हंजे? खरं सांग.”

“पाहुण्यांले बारावी पास पोरगी पाह्यजे ना, आई. मी पास झाली का बाबा लगन लावते.”

“म्हणून जाणूनबुजून चुकीचं लिहून राह्यली तू?”

“बाबाले सांगू नको.”

“बस लागली. ऊठ.”

“आई, सांगशीन काय?”

“आज समदं बरोबर लिहिजो. पाहुण्यांले मी नापास करतो.”