आमची बसणारी गाडी

माझं माहेर गारगोटीकडचं. वडील आचारी होते, लग्नाच्या मोसमात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, नुसते टोप आणि झारे आणि पराती, आणि मी परकर-पोलक्यात असल्यापासून त्यांच्या मागं हिंडायची, कांदा चिरायची, चुलीत लाकडं सारायची, म्हणून पाचशे माणसाचा भात म्हटला तर मला आजही भ्या वाटत न्हाई, चार माणसाचा करताना मात्र मीठ चुकतं. पण वडील मला भरलेल्या टोपाला हात लावू द्यायचे न्हाईत. दोन गडी बांबू घालून उचलायचे. म्हणायचे, तू शिजव, उचलायला देवानं दुसरी माणसं केली हायत.

आमचे हे कोल्हापुरात उद्यमनगरला फिटर. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं कलती होऊन माती पाडते न्हवं, तिच्या खालचा जॅक बनवायच्या कारखान्यात. तेल दाबलं की लोखंड उठतं, ह्या एका गोष्टीवर त्यांचं एवढं प्रेम की लग्न झाल्यावर देवाला न्यायच्या आधी मला कारखाना दाखवायला नेलं. त्याच कामावर ते शारजाला आले, क्रेनच्या वर्कशॉपमध्ये, हायड्रोलिकचं काम, आणि नव्वद साल उलटल्यावर मी आले मागनं. आल्यावर काय, एक खोली, एक एसी, आणि शेजारी सगळे एकटे राहणारे गडी, कुणी साताऱ्याचा कुणी नांदेडचा, अंडी-पाव खाऊन दिवस काढणारे. एकाला डबा दिला, त्यानं दोघांना सांगितलं, असं करत करत आमचं किचन उभं राहिलं, इंडस्ट्रियल एरियात, लायसन काढून, अरबी पार्टनर घेऊन, सगळं रीतसर. ह्यांनी क्रेनची नोकरी सोडली. मग एका लोखंडाच्या यार्डाचं काम मिळालं, दुपारचं जेवण, तीनेकशे माणसं, मालकानं कामगारांना राहायला बांधलेला कॅम्प यार्डाच्या आतच. आमच्यासारख्याला ते म्हणजे लॉटरीच.

जेवण न्यायला जुना जपानी पिकप घेतला आणि मागं डबा बांधून घेतला, ॲल्युमिनियमचा, दारं बाजूला. दारं बाजूला का, तर त्या कॅम्पात जेवण वाढायचा ओटा एका बोळात होता, गाडी कशीबशी आत शिरायची, मागं उभं राहायलासुद्धा जागा न्हाई. आता गाडीचा फ्लोअर माझ्या छातीला, आणि ओटा गुडघ्याच्या वर थोडा. म्हणजे आमटीचा उकळता टोप छातीवरनं खाली घ्यायचा, रोज, उन्हात, हे एका बाजूला आणि आमचा कुक एका बाजूला. एक दिवस ह्यांनी टोप खाली ठेवला आणि हे वर उठलेच न्हाईत. तसेच वाकलेले. मणका सरकला होता. डॉक्टरनी पट्टा दिला आणि सांगितलं, यापुढं वजन उचलायचं न्हाई, कधीच न्हाई.

मी म्हटलं, ठीक हाय, दोन माणसं ठेवू. हे म्हणाले, व्हिसाचा खर्च कोण करणार? आणि तीन दिवस छताकडं बघत पडून राहिले, आणि चौथ्या दिवशी मला म्हणाले की सुमन, आपण माणूस खाली वाकवतोय, गाडीच खाली वाकवली तर? उंट कसा बसतो, तसा बसवायचा तिला. ओट्याजवळ जायचं, बटण दाबायचं, गाडी बसली, फ्लोअर ओट्याला लागला, टोप नुसता सरकवायचा. मला वाटलं दुखणं डोक्यात गेलं.

पण तसल्या गाड्या असतात हितं. दुबईत रास अल खोरच्या बाजूला एक लेबनानी होता, हौशी पोरांचे पिकप बनवून द्यायचा, जमिनीला टेकणारे, चौकात उड्या मारणारे. आम्ही दोघं गेलो. त्यानं लई प्रेमानं चहा पाजला, अमेरिकेहून आलेला सेट दाखवला, चकचकीत, दोन पंप, चार जॅक, बॅटऱ्यांची रांग, आणि ह्यांना विचारलं, हबीबी, किती उंच उडवायची? हे म्हणाले, उडवायची न्हाई, बसवायची हाय. तो म्हणाला, हो हो, पण उडवायची किती? अर्धा तास तेच. मी आपली शेवटी म्हटलं, भाईसाब, अंदर आमटी है. त्याला आमटी काय कळणार, त्याला वाटलं गाडीचं नाव असेल. किंमत सांगितली तर आमच्या गाडीपेक्षा जास्त, मी मनात रुपये केले आणि चहाचा कप खाली ठेवला.

मागं खालीवर होणारी पाटी बसवून मिळते, ती बघितली, पण ती मागं लागते आणि आमची दारं बाजूला, आणि त्या पाटीचं वजन एवढं की निम्मं जेवण घरी ठेवावं लागलं असतं. मग हे शारजाच्या भंगारवाल्या खानसाहेबाकडं जायला लागले. पेशावरचा पठाण, दाढी मेंदीनं लाल, त्याच्याकडं मोडक्या ट्रकांचे पंप पडलेले असायचे. आणि हितनं जे सुरू झालं ते काय सांगू तुम्हाला. दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय न्हाई. एक पंप घ्यावा का दोन, पुढचं पण बसवायचं का नुसतं मागचं, जुना जॅक चालेल का नवा तैवानचा घ्यावा. जेवताना ताटात बोटानं चित्रं काढायचे, आमटीत. आमची पोरगी हितंच जन्मलेली, शाळेतनं यायची, बापाचं ताट बघायची आणि म्हणायची, पप्पा, प्लीज, नॉट अगेन. हे सकाळी एक ठरवायचे आणि संध्याकाळी खानाकडनं येताना दुसरंच ठरवून यायचे. तोवर टोप कोण उचलत होतं? मी आणि कुक. मला कुणी विचारलं का, बाई, तुला काय पाहिजे? खानाकडं गेले तरी मला खुर्ची द्यायची, भाभीजी बैठो, पेप्सी पियो, आणि बोलणं सगळं माझ्या डोक्यावरनं.

खान माणूस मात्र सरळ. तो म्हणाला, दत्ताभाई, सगळ्यात पैसे वाचव, पण गोळ्यात वाचवू नको. गोळा म्हणजे लोखंडी गोळा असतो, नारळाएवढा, त्यात गॅस भरलेला, खड्डा आला की त्याचा धक्का तो गोळा गिळतो. खान म्हणाला, गाडीखालचे कमानपाटे काढून नुसतं तेल घातलंस तर तेल दबत न्हाई, गाडी दगड होते. चार गोळे घे. आता हे तर तेलातलेच माणूस, ह्यांना का ठाऊक न्हवतं? पण बजेट संपलं होतं. म्हणाले, पंप जुना, जॅक नवे, गोळे पुढच्या महिन्यात टाकू, इन्शाल्ला. मी म्हटलं, आणि तोवर आमटी? म्हणाले, झाकण घट्ट लाव.

गाडी झाली तो दिवस मात्र मी विसरणार न्हाई. बोळात गेली, ह्यांनी बटण दाबलं, आणि ती हळूहळू, अगदी सावकाश, सुस्कारा टाकल्यासारखी खाली बसली आणि फ्लोअर ओट्याला असा लागला, अगदी सारखा. यार्डातली माणसं ताटं घेऊन उभी होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एका हातानं भाताचा टोप सरकवला. ह्यांनी पट्ट्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांकडं बघितलं, लग्नात बघितलं होतं तसं.

पण रस्त्यावर ती गाडी खरंच दगड. एवढासा खडा आला तरी आतले टोप हवेत. झाकणाला कापड बांधलं, दोरी बांधली, कणकेनं चिकटवलंसुद्धा, तरी निम्मी आमटी फ्लोअरवर, आणि वर त्या तेलाचा वास. यार्डातली माणसं म्हणायला लागली, मावशी, आजकाल आमटी कमी का? काय सांगणार, गाडी पिऊन आली? मी रोज जास्तीची करायला लागले. गोळ्यांचा पुढचा महिना पुढंच जात राहिला.

आणि उन्हाळ्यात, जेव्हा लोखंडाला हात लावला तर कातडं चिकटतं तेव्हा, बोळात गाडी बसत असतानाच तेलाचा पाइप फुटला. धाडकन खाली गेली. नुसती खाली न्हाई, ओट्याच्याही खाली, आणि दारं बाहेर उघडायची, ती ओट्याला अडकली. आत तीनशे माणसाचं जेवण, बाहेर तीनशे माणसं, जेवायची सुट्टी एक तास, आणि दार उघडेना. सुपरवायझर घड्याळ बघत होता. बोळात सगळं तेल. कुणी रागावलं असतं तर मी समजले असते, सकाळपासनं लोखंड वाहिलेली माणसं ती. पण त्यातल्या एकानं ताट खाली ठेवलं, फळी आणली, दुसरा आला, मग वीस-पंचवीस जण आले, यल्ला यल्ला, चला चला करत, जागा मिळंल तिथनं शिरून त्यांनी ती आख्खी गाडी खांद्यानं उचलून धरली, खाली फळ्या सारल्या, आणि मी दार उघडलं. उचलायची म्हणून गाडी केली न्हवती, उचलायला लागू नये म्हणून केली होती.

सगळे उचलत होते तेव्हा हे बाजूला भिंतीला टेकून उभे होते, पट्ट्याला हात लावून. डॉक्टरनी सांगितलेलं ना. जेवण वाढून झाल्यावर बघते तर हे पुढं सीटवर जाऊन बसलेले, काच वर करून, एवढ्या उन्हात.

गाडी खानाकडं न्यायला क्रेन आली. येताना टॅक्सीत मी बोललेच. मी म्हटलं, जेवढं ह्या गाडीत घातलं तेवढ्यात दोन माणसांचे व्हिसे झाले असते, तिकिटं झाली असती, पहिल्या दिवशी मी हेच म्हणत होते, का ऐकलं न्हाई? ह्यांनी पाठीचा पट्टा सैल केला. मग म्हणाले,

माणसं ठेवली असती, तर सुमन, मी काय करणार होतो?

राग काही गेला न्हाई, पण गोळ्यांचे पैसे मीच काढून दिले.

मग गोळे घातले. खरंच सांगते, गोळे घातल्यावर ती गाडी लोण्यासारखी चालायला लागली, आमटीवरची तर्रीसुद्धा हलायची न्हाई. ह्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, चला, लागलं मार्गी. आणि मुलकियाचं, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनचं, वर्ष भरलं, तपासणीला गाडी नेली, साहेबानं खाली वाकून बघितलं आणि दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. ह्यांनी त्यांना गाडी बसवून दाखवली, उठवून दाखवली, पाठ दाखवली, पट्टा दाखवला. साहेब चांगला होता, वयानं लहान, त्यानं ह्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, चाचा, बहोत अच्छा बनाया, लेकिन रोड पे नहीं चलेगा. कंपनीनं जशी दिली तशी करून आण. खलास. ज्या खानानं बसवलं त्यानंच ते काढलं, हे स्टुलावर बसून त्याला सांगत होते कुठला नट आधी सोडायचा, आणि जुने कमानपाटे परत चढवले. चार गोळे मात्र ह्यांनी घरी आणले. अजून बाल्कनीत हायत, मी झाडताना पायाला लागतात आणि मी रोज शिव्या घालते.

आता आमच्याकडं दोन माणसं हायत, एक नेपाळी आणि एक बिहारी, ते टोप उतरवतात, हसतखेळत, त्यांना काही वाटत न्हाई. यार्डाचं काम अजून हाय, देवाची कृपा, आणखी दोन कॅम्प लागले. गाडीला ड्रायव्हरसुद्धा ठेवलाय, ह्यांना गाडीत काही काम न्हाई. मी म्हणते घरी झोपा, पाठ दुखते, उन्हाचं कशाला? ऐकत न्हाईत. अकरा वाजले की पट्टा बांधतात आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसतात, मागच्या काचेतनं डब्याकडं तोंड करून, आणि वळण आलं की त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला सांगतात, हळू घे रे, मागं आमटी हाय. वीस वेळा सांगतात. ड्रायव्हर माझ्याकडं तक्रार करतो, मॅडम, साहेबांना घरी ठेवा. मी त्याला म्हणते, बाबा, तू गाडी हळू चालव आणि हो म्हण. माझंही तसंच चाललंय.