लीड्सहून आणलेल्या राखाडी कोटाबाबत

मी, विनया चिन्मय टिपणीस, वय ४६ वर्षे, व्यवसाय कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस, राहणार फ्लॅट ७०४, सुखदा रेसिडेन्सी, फरीदाबाद. आज दि. १० जानेवारी २०२५ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन लिहून देते ते असे.

हवालदारसाहेबांनी हा जबाब हिंदीत लिहायला घेतला होता. दोन ओळींनंतर मी त्यांना थांबवले. मी इकडे एकोणीस वर्षे राहते, हिंदी चांगली येते. पण काल जे झाले ते मला माझ्या भाषेत लिहायचे आहे. हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

सरला देवी, वय ३९, कामवाली, या दोन वर्षांपासून माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. त्याआधी नऊ वर्षे त्या आमच्याच कारखान्यात मशीनवर होत्या. ओव्हरकोटांचे काम बंद झाले तेव्हा त्यांच्यासह बत्तीस जणींना घरी पाठवले. माझी नोकरी राहिली.

कंपनीच्या कामासाठी मी वर्षातून दोनदा इंग्लंडला जाते. तिथे मोकळा वेळ मिळाला की जुन्या कपड्यांच्या दुकानांत जाते. नवा माल कोणीही दाखवतो. चार हिवाळे वापरून झाल्यावर कुठली शिवण उसवली आणि कुठले बटण टिकले, हे फक्त तिथेच कळते. मी स्वतःसाठीही तिथूनच घेते. सोसायटीत हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. का नाही, ते इथे लिहायची गरज नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये लीड्समधील अशा एका दुकानात मला एक राखाडी लोकरी कोट मिळाला. आतल्या लेबलच्या मागे आमच्या कारखान्याचा क्रमांक होता. सहा पौंडांना घेतला. पावती माझ्याकडे आहे, प्रत जोडली आहे.

घरी आणून तो सरला देवींना दिला. त्यांनी आधी कॉलर उलटून पाहिली, मग खिशाचे टाके बोटाने चाचपले. म्हणाल्या, "मॅडम, ये तो अपना माल है. ये जेब मेरे हाथ की है." आणि खूप हसल्या. तेव्हापासून तो कोट त्यांचा आहे.

काल सकाळी सुमारे साडेनऊला काम आटोपून त्या सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडत होत्या. फ्लॅट ९०२ मधील श्रीमती निधी खुराना यांनी त्यांना अडवले. श्रीमती खुराना यांचा स्वतःचा एक कोट दोन दिवसांपासून सापडत नव्हता. "इसके पास ऐसा फॉरेन कोट कहाँ से आएगा?" असे त्या गार्ड गौरव यांना म्हणाल्या. कामाला येणाऱ्या बायकांनी घरातली वस्तू बाहेर नेताना चिठ्ठी दाखवावी, असा सोसायटीचा नियम आहे. तो ठरला त्या सभेला मी हजर होते. अंगातल्या कपड्याची चिठ्ठी सरला देवींकडे नव्हती.

गेटवरच कोट उतरवायला लावला. धुके होते, सात अंश तापमान होते. पोलीस येईपर्यंत पाऊण तास त्या साडी आणि सुती ब्लाउजवर उभ्या होत्या. पोलिसांनी कोट जप्त केला आणि त्यांना ठाण्यात आणले. श्रीमती खुराना यांनी त्यांचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "चोर पकड़ी गई." ग्रुपवर दोनशे चौदा लोक आहेत. एकोणतीस जणांनी अंगठा दिला.

मला ९.४० आणि ९.५२ ला गेटवरून आणि १०.०५ ला सरला देवींच्या मोबाइलवरून फोन आला. मी बैठकीत होते. तिन्ही कट केले. हे कोणी विचारलेले नाही, मी आपणहून सांगते.

फोटो मी जेवणाच्या सुट्टीत पाहिला. दोन वाजता ठाण्यात पोहोचले. सरला देवी बाकावर बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आपने उठाया नहीं."

मी पावती दाखवली. श्रीमती खुराना तिथेच होत्या. म्हणाल्या, "आप? सेकंड हॅन्ड? मरे हुए लोगों के कपड़े?" मी म्हणाले, "हो. हा मी घातलाय तोसुद्धा." तेवढ्यात त्यांच्या पतींचा फोन आला. श्रीमती खुराना यांचा न सापडणारा कोट ड्रायक्लीनरकडे होता. तो गडद निळा आहे. धुक्यात रंग कळला नाही, असे त्या म्हणाल्या. मग, "चलो, गलतफहमी हो गई." सरला देवींकडे पाहून त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत तीन घरांनी सरला देवींना उद्यापासून येऊ नका असे कळवले. फोटो हा जबाब लिहीपर्यंत ग्रुपवर आहे.

आज सकाळी मला समझोत्याचा कागद सही करायला दिला. त्यात "किरकोळ गैरसमज" असे लिहिले होते. मी सही केली नाही. हवालदारसाहेब म्हणाले, गरीब बाई आहे, तिला लफडे नको असेल, तुम्हीच का ताणता? तिला विचारले का, असे मी विचारले. विचारले नव्हते. मी बाहेर जाऊन विचारले. सरला देवी म्हणाल्या, "लिखवाइए. और मेरा नाम पहले लिखवाइए, आपका बाद में."

म्हणून माझी मागणी अशी की, अडवून ठेवणे आणि बदनामी याबद्दल सरला देवींची तक्रार पहिली नोंदवावी आणि हा जबाब साक्षीदाराचा म्हणून तिला जोडावा. जप्त केलेला कोट त्यांच्याच सहीने त्यांना परत द्यावा.

लिहिलेले सगळे मी मोठ्याने वाचले आणि सरला देवींना हिंदीत समजावून सांगितले. माझ्यापुरते ते बरोबर आहे. सरला देवींनी एक चूक दाखवली. वर त्यांच्या वयापुढे मी "कामवाली" लिहिले आहे. त्या जागी "टेलर" वाचावे.

सही
विनया चिन्मय टिपणीस