डिस्कमध्ये अडकलेला तोकोय

…आणि वर मलाच विचारतात, 'तुम्ही त्या डिस्कला काय केलंत?' मी काय करणार हो? मी बटण दाबलं! अकरा वर्षं रोज सकाळी चहा झाल्यावर दाबतो तेच बटण, त्याच बोटानं! रोज ते कॉम्प्युटरचं मशीन घुरघुरत उठायचं, त्या शनिवारी उठलं नाही. काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, की डिस्क सापडत नाही. सापडत नाही म्हणजे? डिस्क काय मेंढी आहे, डोंगरावर चरायला गेली म्हणून सापडत नाही? आतच आहे की! आत आहे याचा पुरावा म्हणजे आवाज येतोय… टक… टक… टक… कर्र. जरा दम खाऊन पुन्हा, टक… टक… टक… कर्र. कुणीतरी आत कोंडलं गेलंय आणि फार सभ्यपणे दार वाजवतंय, असा तो आवाज.

तुम्ही म्हणाल, तुर्दुबेक, तू पेन्शनर माणूस, नारीनसारख्या थंड गावात राहतोस, कॉम्प्युटर बिघडला तर बिघडला, गोधडीत बस. अहो, पण तुम्हाला सांगतो, कोंडलं होतंच आत! एक नाही, अकराशे चाळीस जण! आमच्या कुळाची सगळी वंशावळ. कुणाला किती मुलगे, कोण कुणाशी कशावरून भांडला, भांडून कुठल्या खिंडीपलीकडे गेला, सगळं मी एका बोटानं टाइप केलेलं. मूळ माझ्या काकांच्या हातच्या सात वह्या होत्या. पण चौतीस वर्षं जिल्हा कचेरीत फायलींची धूळ खाल्लेला माणूस मी, टाइप करून झाल्यावर मला वाटलं, आता कागदाचं युग संपलं. तसं मी घरात जाहीरही केलं. आमची बायको कालीपा एरवी माझं काही ऐकत नाही, पण हे तिनं ऐकलं! तो हिवाळाभर चहाचा समोवार त्या वह्यांवर पेटला. चहा चांगला व्हायचा, ते खोटं बोलणार नाही.

आणि हे सगळं नेमकं कधी? पुढच्या रविवारी पाहुणे येणार! आमच्या मुलाची मुलगी बेगाइम, तिच्या कानांत डूल घालायला. एकदा डूल घातले की लग्न ठरलं. मुलगा खिंडीपलीकडच्या अत-बाशीचा, एर्मेक त्याचं नाव, गुरांचा डॉक्टर, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, कारण बोलतच नाही. सगळं जुळलेलं. फक्त आमच्यात एक आहे, वर सात पिढ्यांत दोन्हीकडे एकच पूर्वज निघाला तर लग्न नाही म्हणजे नाही. म्हणून एर्मेकच्या आजोबांनी, त्या जुमाकादिरनी, फोनवर त्याच्यापासून वर सात नावं म्हणून दाखवली. मी बेगाइमपासून वर सात म्हटली. सहा नावं वेगळी. सातवा… त्यांचाही तोकोय, आमचाही तोकोय!

मी बोटांवर नावं पुन्हा मोजली. सातवा तोकोयच!

मग जुमाकादिर घसा साफ करून म्हणाले, "तोकोय काय, त्या काळी दगड मारला तर तोकोयला लागायचा. पण तोच तो निघाला तर मात्र डूल खिशातनं बाहेर यायचे नाहीत, आधीच सांगतो. तुमच्याकडे लिहिलेलं आहे ना? बघून ठेवा."

मी केवढ्या ऐटीत सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये आहे. बटण दाबायचा अवकाश!"

दाबलं. टक… टक… टक… कर्र.

बेगाइम दाराशीच उभी होती. एवढंच म्हणाली, "आजोबा, होईल ना?" आता या प्रश्नाला कचेरीत एक ठरलेलं उत्तर असतं, 'अर्ज ठेवून जा.' पण नातीला कसं सांगणार?

पहिला आला शेजारचा कासिम्बेक. तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस. भिंतीतून आवाज ऐकून आला म्हणे! मशीनला कान लावला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "इंजेक्टर."

"कासिम्बेक, यात इंजेक्टर नसतो."

"सगळ्यांत असतो. काही जण लपवतात."

"बरं, मग करायचं काय?"

"गारठलाय तो. हिवाळ्यात ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा आपण काय करतो? खाली शेकोटी!"

शेकोटी मी मना केली. मग गरम पाण्याच्या दोन पिशव्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि वरून गोधडी. शाल पांघरून बसलेल्या सासूबाईंसारखं ते मशीन दिसायला लागलं. कालीपा कशी मागे राहील? तिनं अर्च्याच्या झाडाची सुवासिक फांदी पेटवली, धूर केला, आणि नजर उतरवल्यासारखा मशीनभोवती तीनदा फिरवला. तो धूर मशीननं पंख्यातून आत ओढला आणि मागून माझ्या तोंडावर सोडला. एवढं एकच काम ते त्या दिवशी नीट करत होतं! मी डोळे पुसत म्हटलं, "अगं, त्याला नजर कोण लावणार?" तर म्हणते, "अहो, तुम्हीच! अकरा वर्षं माझ्याकडे पाहिलं नाहीत तेवढं त्याच्याकडे पाहिलंत."

यावर मशीनच बोललं. टक… टक… टक… कर्र.

बुधवारी कासिम्बेकनं शास्त्र बदललं. "गरमानं नाही ना? मग गारानं!" डिस्क बाहेर काढली, पिशवीत घातली आणि बाल्कनीत टांगली. आमच्या बाल्कनीत उणे वीस, आणि तिथंच हिवाळ्याची घोड्याच्या मांसाची सॉसेजं टांगलेली. त्यांच्या रांगेत माझे अकराशे चाळीस पूर्वज रात्रभर लटकले! सकाळी आणून जोडली… आवाज तोच, फक्त आता त्याला वास होता.

आणि मध्ये जो जो बघायला येईल त्याला बसवायचं, भाकरी तोडायला लावायची, चहा पाजायचा. आमच्या दारात पाऊल टाकलेला माणूस रिकाम्या पोटी मशीनकडे नुसता बघूसुद्धा शकत नाही, कालीपा बघू देत नाही. चार दिवसांत निम्मी गल्ली खाऊन गेली. मशीनबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, कालीपाच्या तळलेल्या बोरसोकबद्दल मात्र एकमत!

शेवटी शुक्रवारी मी आणि कासिम्बेकनं ते धूड गोधडीत गुंडाळून बाजारात नेलं, बुरुलकडे. बाजारातल्या लोखंडी कंटेनरात तिचं दुकान आहे, चाळिशीची बाई, कपाळावर दिवा, हातात सोल्डरिंगची सळई, समोर उघडलेल्या मोबाइलांचा ढीग. मशीनवरचं मखमली, गोंडे लावलेलं झाकण, कालीपानं स्वतः शिवलेलं, ते तिनं दोन बोटांत उचललं.

"आके, हे कायम असतं याच्यावर?" तिनं मला विचारलं.

"धूळ बसू नये म्हणून."

"धूळ नाही बसली. हवाही नाही गेली. अकरा वर्षं तापानं फणफणलंय बिचारं." मग आत डोकावली. "ही राख कसली?"

"नजर उतरवली."

"बरं." मग डिस्क हातात घेतली, नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं. "आके, ही दुरुस्त करायची आहे की तळायची?"

कासिम्बेक छताकडे बघायला लागला. बुरुलनं विचारलं, "दुसरी प्रत कुठंय? सगळे शहाणे लोक दुसरी प्रत ठेवतात."

"होती," मी म्हटलं. "आम्ही ती प्यायलो."

सगळं सांगितल्यावर ती बाई इतकी हसली की कपाळावरचा दिवा नाकावर आला. पण तोकोयचं ऐकून तिनं तो पुन्हा कपाळावर चढवला. म्हणाली, "रविवारी डूल ना? तसल्याच डिस्कच्या खालची हिरवी सर्किटची पट्टी बिश्केकहून मागवते, रविवारी सकाळच्या टॅक्सीनं येईल. मी घरी येऊन बसवीन. तोवर हिला शेकू नका, गोठवू नका, धुपवू नका. आणि या ट्रॅक्टरवाल्या काकांना लांब ठेवा."

रविवारी काय झालं असेल? बुरुल आणि पाहुणे एकाच वेळी दारात! आणि कालीपा म्हणजे काय, तिनं पाहुण्यांबरोबर बुरुललाही दस्तरखानावर, जेवणाच्या अंथरलेल्या चादरीशी, बसवलं. "आधी खा, मग काय ते दुरुस्त कर!" जुमाकादिर मानाच्या जागी, पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, शेजारी एर्मेक मान खाली घालून, आणि त्यांच्यासमोर बोरसोकच्या ढिगाशेजारी बुरुल सळई तापवतेय! पाहुण्यांना वाटलं, इकडे असं काहीतरी आणतात वाटतं जेवणात. मीही तसंच वाटू दिलं. बेगाइम चहा ओतत होती, एर्मेक तिच्या हाताकडे बघत होता, जुमाकादिर एर्मेककडे बघत होते, आणि मी डिस्ककडे.

बुरुलनं पट्टी बसवली, वायर जोडली.

टक… टक… टक… कर्र.

जुमाकादिर म्हणाले, "बघा कोणी, दार वाजतंय."

"बहुतेक तोकोय," कासिम्बेक पुटपुटला.

बुरुलनं वायर काढली, पट्टी जरा दाबली, पुन्हा जोडली. टक… आणि मग, तुम्हाला सांगतो, पुढचं टक आलंच नाही! सुईईई करून ती डिस्क अशी फिरायला लागली जशी कधी आजारी नव्हतीच. पडदा उजळला. कालीपा रडली, कासिम्बेक म्हणाला, "मी म्हटलंच होतं, गारठा!" मी बुरुलच्या कपाळाचं, दिव्यासकट, चुंबन घेतलं.

"आके, नाचू नका," बुरुल म्हणाली. "प्रत निघत नाहीये. उघडलीय तेवढी उघडलीय. वाचायचं ते आत्ता वाचा. एकदा बंद पडली की पुन्हा उठायची नाही."

सगळे माझ्या पाठीशी जमले. मी चष्मा लावला. आणि आता माझी चूक सांगतो. चौतीस वर्षांची सवय! कचेरीत आम्ही नोंद आधी मनात वाचत नाही, थेट मोठ्यानं वाचतो, स्वच्छ, ठासून, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. तशी मी वाचली. "तोकोय! मुलगे चार. थोरला बाय्तेमिर, याच्यापासून आपली शाखा. धाकटा साती, हा एका घोडीवरून भावांशी भांडून… खिंडीपलीकडे… अत-बाशीस… गेला."

आवाज खाली येत येत गेला, पण तोवर सगळं वाचून झालं होतं. साती! जुमाकादिरनी फोनवर म्हटलेलं सहावं नाव.

बेगाइमच्या हातातली किटली तशीच, पेला भरून चहा दस्तरखानावर ओघळला. आणि मग एर्मेक बोलला हो! पहिल्यांदाच! "आजोबा," म्हणाला, "मी दुसरीकडे लग्न करणार नाही."

जुमाकादिरनी त्याच्याकडे पाहिलं. बेगाइमकडे पाहिलं. दाढी कुरवाळली. मग अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं बुरुलला विचारलं, "मुली, या यंत्राचा भरवसा किती?"

"काडीचा नाही, अक्साकाल."

"बंद पडलं तर आत्ता वाचलं ते पुन्हा कुणाला वाचता येईल?"

"कुणालाच नाही."

"आणि बंद पडायला किती वेळ लागेल?"

"वायर ओढली की झालं."

खोलीतले सगळे वायरीकडे बघायला लागले. जिला वाचवायला आठ दिवस गल्ली राबली, ती बिचारी डिस्क सुईईई करत फिरत होती, तिला काय माहीत! माझी अकरा वर्षं, माझं हे बोट… कालीपानं डोळ्यांनी खुणावलं, बेगाइमनं डोळे मिटले. मी हात जोडल्यासारखं करून जुमाकादिरना म्हटलं, "तुम्ही वडील, तुम्ही पाहुणे. तुम्हीच ओढा."

तर ते छातीवर हात ठेवून, मान तुकवून, केवढ्या अदबीनं म्हणाले, "छे छे, असं कसं! घर तुमचं, डिस्क तुमची, पूर्वजही तुमचेच. आमचा त्यांच्याशी काय संबंध? हा मान यजमानाचा!"