पापुद्रेबाईंनी सांगितलेला आकडा

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतले सहकारी, वर्कशॉपमधली मंडळी आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या पापुद्रेबाई,

हे नाव त्यांना वर्कशॉपनं दिलं. एकोणीस वर्षं त्यांनी सिलिकॉनचे केसाहून पातळ पापुद्रे बनवले. कशासाठी? इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सरळ बोगद्यात समोरासमोर आदळवायचे, आणि त्यातून जन्मलेला कण नेमका कुठं फुटला ते टिपायचं. त्यासाठी डिटेक्टरचा सगळ्यात आतला थर इतका पातळ हवा, की जाणाऱ्या कणाची वाट जराही वाकू नये.

मी तेव्हा प्रकल्पप्रमुख होतो. मंजुरीच्या बैठकीला चार दिवस उरले होते. बाई माझ्या खोलीत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सर, आकडा चुकलाय. दोन झोत भिडताना जे भरकटे कण उडतात, ते आपण धरले त्याच्या तिप्पट आहेत. त्यांच्या माऱ्यानं आतला थर वर्षभरही टिकायचा नाही."

"पुन्हा तपासलंत?"

"तीनदा."

"मग मंजुरीनंतर बोलू."

"समितीनं विचारलं तर?"

"नाही विचारणार."

समितीनं खरंच विचारलं नाही. बाईंनी आपणहून सांगितलं.

आधी प्रकल्प लांबणीवर पडला, मग गुंडाळला गेला. चाळीस जण पांगले. कँटीनमध्ये बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. त्यांनी मला अंधारात ठेवून तोंड उघडलं, असा सगळ्यांचा समज झाला होता. मी तो खोडला नाही. दुसऱ्या एका गटानं पुढं तोच आकडा काढला, तेव्हाही नाही. बाई उरलेली वर्षं इतरांच्या चिप तपासत बसल्या. "तुम्ही खुलासा का करत नाही?" असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "त्यानं थर थोडाच टिकणार होता?"

त्यांच्या लेकीनं एकदा मला जिन्यात गाठलं. "काका, आईनं खरंच तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही गं."

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. आठवतं, बाळ. मंगळवार होता. तुझ्या आईच्या हातात कागद होते, आणि मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पदरात घ्यावं. बाईंकडे मात्र मला माफी मागायची आहे ती अकरा वर्षं गप्प बसल्याची. ती त्यांनी द्यायलाच हवी, असं मी म्हणणार नाही.