स्थळाचं वॉलेट

—नाही नाही, बस रे, उठतोस कशाला? पोहे येतायत. जान्हवीला वेळ लागतो, मामी आहे ना ती प्रांजलची, आज मुलीपेक्षा तीच जास्त घाबरलीय — आणि आईला आणलं नाहीस ते एक बरं केलंस. अजून बसते ना ती बाजारात पाटी घेऊन? मढवरून रोज येते म्हणे. वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही मालवणी माणसं, मासे आम्हीही खातो, पण खाणं वेगळं आणि — जाऊ दे. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, कृणाल, की तू बायोडेटात लिहिलंयस 'ब्लॉकचेन कंपनीत, अंधेरी'. आता हे माझ्या बहिणीला वाचून दाखवलं, अनुपमाताईला, तर तिला वाटणार मुलगा कोणीतरी मोठाच आहे. मला नाही वाटत. भावजी गेल्यापासून ह्या मुलीचं सगळं मी बघतो — शाळा, कॉलेज, स्थळं — आणि मी पत्रिका बघत नाही. मी क्रिप्टोचं वॉलेट बघतो.

हसतोस काय? पत्रिकेतला शनी गुरुजी दक्षिणा घेऊन इकडचा तिकडे करतात. इथे नाही होत, प्रत्येक व्यवहार उघड्या वहीत लिहिलेला, कोणीही वाचावा. इथे जे झालं ते झालं, कोणाच्या बापाला खोडता येत नाही. बोरिवलीचा निलेश आला होता, इंजिनीयर, ह्याच सोफ्यावर बसला होता — वॉलेट उघडलं, आत सगळा जुगार. चहा अर्धा टाकून गेला. चेंबूरचा चंद्रप्रकाश, त्याच्याकडे वॉलेटच नाही, म्हणे एफडी आहेत. एफडी! त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. प्रांजल त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही — काही बोलली नाही म्हणजे पटलंच असणार ना तिला? पटलंच. आणि तुझ्या वॉलेटचा पत्ता मला तुझ्याच प्रोफाइलवर मिळाला, विचारावं लागत नाही मला कोणाला. हा टाकला इथे लॅपटॉपवर. हा तू. बघ स्वतःला.

पहिला रकाना, टोकन. म्हणजे नाणी. हे काय रे? 'बोंबील कॉइन'? चित्रात पण बोंबीलच, गॉगल घातलेला! घरचा धंदा सुटत नाही माणसाचा, नाही का? मित्राने दिलं? गंमत म्हणून? अरे, गंमत करायला सर्कशीत जा. हे बघ, नावावर क्लिक केलं की कोणाकडे किती माल आहे ते दिसतं — आणि निम्म्याच्या वर माल एकाच्याच वॉलेटात. तो उद्या विकून मोकळा झाला की तुमची सगळ्यांची वाट लागली. एवढं साधं कळत नाही आणि म्हणे ब्लॉकचेन कंपनीत.

आता दुसरा रकाना, एनएफटी. म्हणजे चित्रं. ह्या चित्रं जमवणाऱ्यांची तर मला कीवच येते. तुझ्याकडे एकच? नाव — 'अंतरपाट'. वा, नाव तरी मराठी आहे. बनवलं कधी, डिसेंबरात. बनवलं कोणी, तूच. किंमत काही नाही, खरेदी-विक्री काही नाही — म्हणजे स्वतःच बनवलंस, कोणी घेईना म्हणून स्वतःच फुकट वाटलंस. झकास. ए, लॅपटॉपला हात नको लावूस. हात काढ. घाबरलास ना? सगळे इथेच घाबरतात. आता ह्याच्या प्रती कोणाकोणाच्या गळ्यात मारल्यायस ते बघू —

हं.

नाही, ह्याचं कसं आहे — दिवाळीत मी घरातल्या सगळ्यांना वॉलेटं उघडून दिली. भाऊबीजेला ताईची ओवाळणीसुद्धा त्यातच घातली, तिला काय कळणार, हसली नुसती. आणि प्रत्येकाच्या पत्त्याला मी इथे नाव देऊन ठेवलंय, म्हणजे तो पत्ता कुठेही आला की आकड्यांच्या जागी मला नावच दिसतं. तर इथे प्रांजल आहे. ठीक आहे, आधीची ओळख असेल, आजकाल असते. पण ही ताई. आणि ही जान्हवी — माझी बायको, तिला तिच्या मोबाइलचा पासवर्ड मी सांगतो. सुयोग, माझाच मुलगा, त्यानेच शिकवलं असणार बाकीच्यांना. आणि नाना! माझ्या वडिलांना चष्म्याशिवाय ताटातला मासा दिसत नाही, त्यांच्याकडे पण —

माझं नाही. खाली आहे का अजून? नाही. संपलं पान.

चित्र उघडतो. उघडणार, मी उघडणार, तू गप बस.

फोटो आहे हा. हार आहेत. मागे होड्या — म्हणजे मढ, तुमच्या दारात. प्रांजलची ही पिवळी साडी मीच आणली होती. कपडा धरलाय एका बाजूने सुयोगने, दुसऱ्या बाजूने — ही तुझी आई का? ताई रडतेय. जान्हवी अक्षता टाकतेय. हा तोच रविवार ना रे, मी पुण्याला गेलो होतो, क्रिप्टोवर भाषण द्यायला? जान्हवीने डबा भरून दिला, लवकर निघा म्हणाली, ट्रॅफिक लागेल. आणि प्रांजलच्या मागे... आमच्यात मुलीच्या मागे मामा उभा राहतो. मामा आणतो तिला. एवढीशी होती तेव्हापासून सांगत आलोय, कितीही जाड झालीस तरी तुला उचलून मीच आणणार, आणि ती माझ्या पाठीवर बुक्के मारायची. मागे नाना उभे आहेत. काठी सुयोगच्या काखेत दिलीय आणि दोन्ही हात तिच्या खांद्यावर.

मग आज काय चाललंय हे? मी हो म्हणेपर्यंत तुम्ही पोहे करत राहणार होतात? आणि नाही म्हटलं असतं मी, तर? तर काय ठरलं होतं तुमचं? बोल ना! नको. नको बोलूस. कळलं मला.

आत भांडी वाजायची थांबली. दाराशी येऊन उभे असतील सगळे.

जा तू. ऊठ. अरे, तिकडे कुठे निघालास, तो बाहेरचा दरवाजा. आत जा. तुझी माणसं आत आहेत.