सहीसाठी दोघंही घरी या

...आता तुम्हीच सांगा, मेलेल्या बायकोले पैसे कसे मिळतीन? तुम्हाले सांगतो, मी नारायणराव, नांदुऱ्याचा, एसटीतला रिटायर कंडक्टर, तीस वर्षं तिकिटं फाडली पण हिशोबात चूक नाई, अन् बुलढाण्याले मृत्युपत्र केलं त वकीलबाई पासबुक पाहून म्हणे, "काका, मृत्युपत्रात पोरगा-पोरगी अर्धं-अर्धं, अन् बँकेत नॉमिनी अजून सरस्वतीबाई? त्या जाऊन तीन वर्षं झाली ना? कागदांचा मेळ बसला पाहिजे, नाईतर पोरं कोर्टाच्या चकरा मारतीन."

गेलो बँकेत. काउंटरवरची मयुरी म्हणे, एक फॉर्म अन् तुमची सही, झालं आजोबा. एवढंच? अन् तिथंच माह्या डोक्यात किडा वळवळला... फॉर्म घडी करून खिशात घातला, पुण्याले अविनाशले अन् नागपूरले अनुपमाले फोन लावला, म्हटलं, नॉमिनीत तुम्हा दोघांची नावं अर्धं-अर्धं टाकाची हायेत, दोघांनीही समोर येऊन सही करा लागते, मेळ बसला पाहिजे! खोटं बोललो, हो. काऊन नाई बोलू? दोन दिवाळ्या गेल्या, कोणी आलं नाई, चहा बी एकच कप टाकतो मी... लय एकटं लागते हो.

मंग काय, गाद्या उन्हात टाकल्या, मिरच्या भाजून ठेचा कुटला, शेजारच्या गुलनारभाभीले सांगून आलो, पोरं येऊन राह्यले. भाभी म्हणे, कौनसी गाडी से? आता मले काय माहीत!

तेवढ्यात अविनाशचा फोन. माह्या खात्याचं मोबाइलवरचं सारं तोच पाहते. "बाबा, सहा आकडे आले असतीन, सांगा लवकर." पोरगा तिकीट काढून राह्यला! एकेक आकडा दोनदा सांगितला, वरून म्हटलं, खिडकीजवळची सीट घेजो बे.

"कसली सीट? बाबा, नॉमिनी बदलला, ताई अन् मी, अर्धं-अर्धं. इथूनच झालं. आता यायची गरज नाई, मेळ बसला."

बसला... ठेचा भाभीले देऊन टाकला. गाद्या घडी केल्या. अन् राहवलं नाई म्हणून मयुरीले विचारून आलो, बाई, पुढं कधी पोरांची सही लागते का? ती खाली पाहून म्हणे, "लागते आजोबा. तुमच्या मागं पैसे काढतानी... दोघांना स्वतः यावं लागते."

म्हंजे येतीन, तुम्हाले सांगतो, दोघंही येतीन, एकाच गाडीनं बी येतीन... फक्त तवा घरी मी नसीन.